फाशी कायम ‘केली’ की कायम ‘ठेवली’?

एका वाचक बाईंचा प्रश्न आहे: “एकाच निकालाची बातमी तीन वर्तमानपत्रांत वाचली. एकात ‘उच्च न्यायालयाने फाशी कायम केली’, दुसऱ्यात ‘कायम ठेवली’ आणि तिसऱ्यात नुसतंच ‘फाशी कायम’. यातलं बरोबर कोणतं? शिवाय आरोपीची अपील फेटाळली असं लिहून झाल्यावर ‘कायम’ वेगळं सांगायची गरजच काय? आणि शेजारच्या बातमीत ‘मरेपर्यंत जन्मठेप’ होतं. जन्मठेप मरेपर्यंत नसते का?”

आधी कोर्टाच्या बाहेर बघू. प्रोबेशनवर लागलेल्या मुलाला वर्ष-दोन वर्षांनी साहेब ‘कायम करतात’. ज्याला काढायचं घाटत होतं आणि शेवटी काढलं नाही, त्याला ‘कायम ठेवतात’. पहिल्याची नोकरी तोवर पक्की झालेलीच नव्हती. दुसऱ्याची पक्की होती, ती टिकली. पेढे पहिला वाटतो, दुसरा नुसता सुस्कारा सोडतो. हा फरक आपण रोज बिनचूक पाळतो आणि बातमी लिहायला बसलो की विसरतो.

फाशीच्या बाबतीत हा फरक थेट कायद्यातच आहे. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली तरी उच्च न्यायालय ती कायम करत नाही तोवर ती अमलात आणता येत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे 366 कलमात होतं. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते 407व्या कलमात आहे. आरोपीने अपील केलं नाही तरी कागद वर जातातच. निदान दोन न्यायमूर्ती बसतात, पुरावा मुळापासून तपासतात, लागला तर नवा पुरावाही घेतात. फाशीऐवजी दुसरी शिक्षा देऊ शकतात, निर्दोष सोडूनही देऊ शकतात. मुंबई उच्च न्यायालयात अशा प्रकरणाची नोंदच ‘कन्फर्मेशन केस’ म्हणून होते आणि वकील सरळ ‘मॅटर कन्फर्मेशनला आहे’ म्हणतात. म्हणजे खालच्या कोर्टाची फाशी प्रोबेशनवर असते म्हणा ना. उपमा जरा क्रूर आहे, पण चपखल बसते.

त्यामुळे कसाबच्या प्रकरणात दोन्ही क्रियापदं हवीत. विशेष न्यायालयाने मे 2010मध्ये फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2011मध्ये ती कायम केली. ऑगस्ट 2012मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. दिल्लीत कन्फर्मेशन नव्हतं, अपील होतं. शिक्षा तोवर पक्की झालेली होती, ती हलवायची की नाही एवढाच प्रश्न होता. त्या काळातल्या मराठी बातम्या काढून बघितल्यात तर ही क्रियापदं हवी तशी फिरलेली दिसतील.

घोळाचं कारण माझ्या मते साधं आहे. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात मराठीतून निकाल मिळू शकतो, उच्च न्यायालयाचा निकाल मात्र इंग्रजीत येतो. संध्याकाळी बातमी लावायची घाई असते आणि ‘कन्फर्म’ असो की ‘अपहोल्ड’, हाताशी ‘कायम’ तयार असतो. कायम मूळ अरबी, फारसीतून आपल्याकडे आलेला. अर्थ ‘उभा असलेला’. उभं कोणी केलं की आधीपासून उभंच होतं, हे तो स्वतः सांगत नाही. ते काम मराठी क्रियापदाचं. तिसऱ्या वर्तमानपत्राच्या उपसंपादकाने क्रियापदच गाळलं, त्याला मी मनोमन दाद दिली. मथळ्यात जागा वाचली आणि चूकही टळली.

फाशी सोडून बाकी शिक्षांना मात्र ‘कायम ठेवली’च म्हणा. सात वर्षांची सक्तमजुरी कोणी कायम ‘करत’ नाही, ती सुनावल्या दिवसापासून शिक्षाच असते. आणि ‘ठेवणे’ या क्रियापदात अपील न्यायालयांची एक सवयही नेमकी उतरते. शिक्षा किती द्यायची हा मुळात खटला चालवणाऱ्या न्यायाधीशाचा विवेक. साक्षीदार त्याने समोर पाहिलेले असतात. ‘आम्ही असतो तर दोन वर्षं कमी दिली असती’ एवढ्यावर वरचं कोर्ट सहसा शिक्षेत हात घालत नाही. ती गुन्ह्याच्या मानाने फारच जड किंवा फारच हलकी वाटली, किंवा ठरवताना तत्त्वातच गफलत झाली असली, तर हात घालतं. म्हणून ‘शिक्षा कायम ठेवली’ याचा अर्थ ‘हीच शिक्षा योग्य असं वरच्या कोर्टाला वाटलं’ असा होईलच असं नाही. पुष्कळदा तो ‘बदलण्याइतकं काही चुकलेलं दिसलं नाही’ एवढाच असतो.

आता ‘अपील फेटाळलं’ म्हटल्यावर ‘कायम’ कशाला, या प्रश्नाकडे. अपील पूर्ण फेटाळलं असेल तर तुमचं खरं आहे, दोन्ही लिहिणं म्हणजे पुनरुक्ती. पण अपिलात दोन गोष्टी पणाला लागलेल्या असतात: दोषसिद्धी, म्हणजे आरोपी दोषी ठरणं, आणि शिक्षा. निकालाचा शेवटचा परिच्छेद, ज्यावर वकिलांची नजर सगळ्यात आधी जाते, तो बऱ्याचदा असा असतो: ‘अपील अंशतः मंजूर. दोषसिद्धी कायम. सक्तमजुरी पाच वर्षांऐवजी तीन वर्षे. दंडाचा आदेश तसाच. कच्च्या कैदेत काढलेला काळ वजा धरावा.’ इथे फेटाळलंही नाही आणि सुटलाही नाही. संजय दत्तचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. 2007मध्ये टाडा न्यायालयाने शस्त्र कायद्याखाली सहा वर्षं दिली. 2013मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला आणि शिक्षा पाच वर्षांवर आणली. त्या कलमात त्याहून कमी देताच येत नव्हती. इथे नुसतं ‘शिक्षा कायम’ लिहिणं चूक आणि ‘दिलासा’ लिहिणंही जरा जास्तच.

उलटं टोक म्हणजे ‘शिक्षा वाढवली’. हे क्रियापद दिसलं की सरकारपक्षाचं वेगळं अपील किंवा तसा अर्ज कुठे आहे ते बातमीत शोधा. आरोपीने एकट्याने केलेल्या अपिलात त्याचीच शिक्षा वाढवता येत नाही, नाहीतर अपील करायची हिंमत कोण करेल? नवज्योतसिंग सिद्धूंना 2018मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हजार रुपये दंडावर सोडलं होतं. 2022मध्ये त्याच न्यायालयाने तो वाढवून एक वर्ष सक्तमजुरी केली, पण ती मृताच्या कुटुंबीयांच्या पुनर्विलोकन अर्जावर.

राहिली ‘मरेपर्यंत जन्मठेप’. ‘मरेपर्यंत फाशी’ला निदान कायद्याचा आधार होता, मरेपर्यंत गळफास द्यावा असं आदेशात लिहा, असं जुन्या संहितेतच सांगितलेलं होतं. तिथून ‘मरेपर्यंत’ जन्मठेपेला येऊन चिकटलं असावं असा माझा अंदाज. पण मराठीत ‘जन्म’ म्हणजे अख्खं आयुष्य: ‘जन्म गेला खस्ता खाण्यात’, ‘जन्मभर पुरेल’. म्हणजे शब्दानेच सगळं सांगितलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयानेही 1961मध्येच हे स्पष्ट केलं, आणि तेही आपल्याच राज्याविरुद्धच्या अर्जावर: गोपाळ गोडसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य. तुरुंगातली माफी धरून आपली वीस वर्षं भरली, आता सोडा, असं गोडसे यांचं म्हणणं. कोर्टाने सांगितलं, जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. सरकारने शिक्षा माफ केली तरच आधी सुटका. पुढे 1964मध्ये ते सुटले.

मग लोकांच्या तोंडी चौदा वर्षं कुठून आली? बहुधा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 1978च्या दुरुस्तीतून. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्याला चौदा वर्षं पुरी होण्याआधी सोडायचं नाही, असं 433-अ कलम आलं. हा नुसता उंबरठा. लोकांनी त्यालाच परसदार समजलं. रामाच्या वनवासामुळे चौदाचा आकडा आपल्या कानाला आधीच ओळखीचा, त्याचाही हात असेल.

गंमत अशी की या गैरसमजामुळेच ‘मरेपर्यंत जन्मठेप’ या द्विरुक्तीला पुढे खरा अर्थ मिळाला. फाशी फार जड आणि चौदा वर्षांत सुटका फार हलकी, अशा पेचात सर्वोच्च न्यायालयाने 2008च्या स्वामी श्रद्धानंद प्रकरणात मधली वाट काढली: जन्मठेप, पण शिक्षामाफीचं दार बंद. 2015मध्ये घटनापीठानेही बहुमताने ती मान्य केली, मात्र असा आदेश फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयालाच देता येईल असं बजावून. शक्ती मिल प्रकरणात तिघांची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2021मध्ये कायम केली नाही, उरलेलं नैसर्गिक आयुष्य तुरुंगात काढण्याची शिक्षा दिली. तिथे बातमीदाराने ‘मरेपर्यंत जन्मठेप’ लिहिलं तर मी तांबडी शाई काढणार नाही. नेहमीच्या जन्मठेपेला ‘मरेपर्यंत’ लावलं तर काढेन.

आणि बाई, एक बारीकसं. तुम्ही ‘अपील फेटाळली’ लिहिलंत, ते हिंदीच्या वळणावर गेलं. मराठीत ते अपील: अपील केलं, अपील चाललं, अपील फेटाळलं.