पटात बैल धुक्यातून धावल्यासारखे का दिसतात?

प्रश्न : मी गावात पटाचं (बैलांच्या शर्यतीचं) आणि लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करतो. दुपारी दक्षिणेकडं कॅमेरा धरला की चित्र पांढुरकं येतं, मधूनच हिरवे-जांभळे ठिपके उमटतात. कॅमेरा सेकंडहँड आहे, हूड (लेन्सपुढं सावलीसाठी लावायची पेटी) मिळाला नाही. घरी बनवता येईल का?
– एक वाचक, ता. लाखांदूर, जि. भंडारा

उत्तर : येईल, आणि चांगला येईल. आधी काच पुसून बघा. पटातली धूळ बसली असेल तरी असंच दिसतं. काच स्वच्छ असूनही तसंच असेल, तर फ्रेमबाहेरचं ऊन तिरपं काचेवर पडून आत उधळतंय. डिसेंबरात आपल्याकडं भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 46 अंश वर असतो. मे महिन्यात तो डोक्यावर येतो, तेव्हा हा त्रास बराच कमी.

गोल डबा कापून लावू नका. तुमची फ्रेम आडवी आहे, 16:9. हूडही तसाच आडवा, तोंडाशी फाकलेला हवा. बॅनरवाल्याकडं सनबोर्डाचे (हलक्या फोमच्या पाट्यांचे) तुकडे उरलेले असतात, ते मागून आणा. झूम पूर्ण मागे घेतल्यावर आडवं 60 अंश दिसत असेल आणि काच 5 सेंमीची असेल, तर 6 सेंमी खोल पेटीचं तोंड साधारण 12 सेंमी रुंद, 9 सेंमी उंच होतं. वरची बाजू त्याच उतारानं 10 सेंमीपर्यंत पुढं काढा. सूर्य 40 अंशांपर्यंत उतरला तरी काच सावलीत राहील. त्याच्या खाली गेला की सोबत्याला पुठ्ठा धरायला लावा. सूर्यच फ्रेममध्ये असेल तर हूडचा उपयोग नाही, जागा बदला.

आतून ऑइलपेंट मारू नका, तिरप्या उजेडात तो चकाकतो. शाळेच्या फळ्याचा काळा रंग द्या, नाहीतर काळी मखमल चिकटवा. मखमलीच्या कडा दुमडून घ्या, नाहीतर तंतू काचेवर येतात.

बसवायला मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबचं चार बोटं रुंद कडं कापा. एक कड पेटीला चिकटवा, दुसरी लेन्सवर ओढा. घट्ट बसतं, ओरखडा पडत नाही. फोकस करताना लेन्सचं तोंड फिरत असेल तर न फिरणाऱ्या भागावरच बसवा. माईक झाकला जात नाही ना, तेही बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझा पहिला हूड मी कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर बघून कापला होता. त्या स्क्रीनवर फ्रेमच्या कडा पूर्ण दिसत नव्हत्या, हे मला ठाऊक नव्हतं. घरी टीव्हीवर कॅसेट लावली तर चारही कोपरे काळे. हळदीच्या वेळी नवरीची आजी मांडवाच्या खांबाला टेकून, पदर तोंडाशी धरून बसली होती. ती नेमकी डाव्या कोपऱ्यात होती. तिचा हात तेवढा दिसत होता, चेहरा अंधारात. त्या घरी कॅसेट देताना मला फार वाईट वाटलं, आणि आजही वाटतं.

म्हणून पेटी आधी दोन सेंमी जास्तच लांब ठेवा. कॅमेरा टीव्हीला जोडा, चुन्याच्या पांढऱ्या भिंतीकडं धरा, झूम पूर्ण मागे घ्या आणि आयरिस (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) जितका बंद होईल तितका करा. बंद आयरिसमध्ये काळा कोपरा ठसठशीत दिसतो. स्टेडी (चित्राचे हादरे कमी करणारी सोय) चालू ठेवून कॅमेरा थोडा हलवूनही बघा. कोपरा काळा दिसला की पातीनं दोन-दोन मिलिमीटर कापत जा. घाई करू नका.

प्रश्न : मी असाच हूड केला, पण उन्हाळ्यातल्या लग्नांत कोपऱ्यांना लावलेली चिकटटेप सुटते.
– एक वाचक, जि. चंद्रपूर

उत्तर : इलेक्ट्रिकची टेप 45 अंशांच्या उन्हात गोंद सोडणारच. कोपरे चपला शिवायच्या मेणाच्या दोऱ्यानं शिवून घ्या, टेप लावायचीच तर वरून कापडी लावा. आणि काळी पेटी उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नका, सनबोर्ड वाकतो.