मॅमोग्राफी चाळिशीला की पन्नाशीला? डॉक्टरांचं भांडण नेमकं कशावरून आहे

कुठलाही त्रास नसलेल्या बाईने मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा कॅन्सर शोधणारा एक्स-रे, कधीपासून आणि किती वर्षांनी करावी, यावर डॉक्टरांचंच एकमत का नाही, असा प्रश्न आहे. कोणी अडाणी आहे म्हणून नाही. सगळ्यांपुढे आकडे जवळपास तेच असतात, फक्त फायदा आणि तोटा कोण कुठल्या तराजूत तोलतो ते वेगळं.

अमेरिकेत हा वाद सगळ्यात जास्त गाजला. तिथली रेडिऑलॉजिस्टांची संघटना म्हणते, चाळिशीपासून दरवर्षी. अमेरिकन कॅन्सर सोसायटी २०१५ पासून सांगते की ४५ ते ५४ दरवर्षी करा, पुढे दोन वर्षांनी चालेल, आणि ४० ते ४४ मध्ये ज्यांना हवी त्यांनी करावी. प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स ही तज्ज्ञांची समिती २००९ मध्ये पन्नाशीवर ठाम होती, २०२४ मध्ये ती ४० ते ७४, दर दोन वर्षांनी, इथे आली. ब्रिटनमध्ये पन्नाशीनंतर दर तीन वर्षांनी बोलावणं येतं.

२०२४ च्या बदलामागे चाळिशीतल्या बायकांवरची एखादी नवी मोठी चाचणी नव्हती. त्या वयात कॅन्सरचं प्रमाण वाढत होतं, कृष्णवर्णीय स्त्रियांत मृत्यूदर बराच जास्त होता, आणि संगणकी मॉडेलं सांगत होती की पन्नासऐवजी चाळीसला सुरुवात केली तर दर हजार स्त्रियांमागे आयुष्यभरात आणखी साधारण १.३ मृत्यू टळतात. रेडिऑलॉजिस्टला हा १.३ दिसतो. फॅमिली डॉक्टरला उरलेल्या बायका दिसतात, कारण घाबरून त्याच्याकडेच येतात त्या.

अमेरिकेत दर हजार तपासण्यांमागे साधारण शंभर जणींना परत बोलावतात, आणि त्यांतल्या पाचेक जणींनाच कॅन्सर निघतो. रिपोर्टवर 'बायरॅड्स ०' (बायरॅड्स म्हणजे रिपोर्टला आकडा देण्याची ठरलेली पद्धत) लिहिलेलं असलं तर कॅन्सर आहे असं समजू नका. याचा अर्थ चित्र अपुरं आहे, जास्तीचे व्ह्यू किंवा सोनोग्राफी हवी, एवढाच. बायोप्सीचा विषय ४ किंवा ५ आल्यावर निघतो. खरा अवघड तोटा म्हणजे अतिनिदान: जन्मात कधी त्रास दिला नसता अशी गाठ सापडते आणि तिच्यावर पूर्ण उपचार होतात. कुठल्या बाईचं असं झालं हे सांगता येत नाही. ती स्वतःही "वेळेत सापडला म्हणून वाचले" असंच म्हणते, आणि तिला खोटं पाडायला कोणाकडे पुरावा नसतो.

आता धोरणाचा भाग. टास्क फोर्स प्रत्येक शिफारशीला अक्षर देते. ए किंवा बी मिळालं की अमेरिकी कायद्यानुसार बहुतेक खासगी विम्यांना ती तपासणी रुग्णाकडून पैसे न घेता द्यावी लागते, सी मिळालं तर या कलमाखाली ती सक्ती नाही. २००९ मध्ये चाळिशीला सी मिळालं तेव्हा आरोग्य सुधारणांचं विधेयक संसदेत चर्चेला होतं. 'रेशनिंग', म्हणजे पैसे वाचवायला उपचारांना कात्री, म्हणून एवढा गदारोळ झाला, की विम्यापुरती ती शिफारस बाजूला ठेवायची तरतूद कायद्यातच घातली गेली. विज्ञानाचं अक्षर थेट विम्याच्या बिलाला जोडलं की अशी गंमत होते.

घन स्तनांचा घोळ त्यातलाच. मॅमोग्राममध्ये घन ऊती पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच, म्हणजे बर्फात ससा शोधण्यासारखं. सप्टेंबर २०२४ पासून अमेरिकेतल्या केंद्रांना घनतेची माहिती बाईला लेखी कळवावी लागते. पण पुढे सोनोग्राफी किंवा एमआरआय सरसकट करावी का, यावर टास्क फोर्सचं उत्तर 'पुरेसा पुरावा नाही' असं आहे. पत्र हातात येतं, पुढचं पाऊल डॉक्टरगणिक बदलतं.

तेव्हा डॉक्टरांना "करू का?" एवढंच विचारू नका. माझा धोका सरासरी आहे का, स्तनांची घनता ए (सगळ्यात कमी) ते डी (सगळ्यात जास्त) यांपैकी कोणती, परत बोलावलं तर पुढच्या तपासण्यांचं बिल कोण भरणार, हे विचारा. आईला किंवा बहिणीला कमी वयात स्तनाचा कॅन्सर झाला असेल, बीआरसीए जनुकात दोष (ज्याने हा धोका खूप वाढतो) असेल, तरुणपणी छातीला रेडिएशन दिलेलं असेल, तर वरची वेळापत्रकं तुम्हाला जशीच्या तशी लागू होतीलच असं नाही. तपासणी बऱ्याचदा लवकर सुरू होते, कधी एमआरआयसह. आणि हाताला गाठ लागली तर ते स्क्रीनिंग, म्हणजे त्रास नसताना केलेली तपासणी, राहतच नाही. मॅमोग्राम नॉर्मल आला तरी त्या गाठीची सोनोग्राफी आणि गरज पडल्यास बायोप्सी करून घ्यायचीच.