मालक माळकरी, पण नेमणूकपत्र?

प्रश्न: मुलाचा मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला. घरात तीन पिढ्यांची वारी. साताऱ्यातल्या एका वर्कशॉपचे मालक माळकरी आहेत, वारीला सोडतो म्हणतात. नेमणूकपत्राचं विचारलं की ‘बघू’. शिरवळच्या कंपनीत पत्र, पीएफ आहे, वारीचा शब्द नाही. मुलाला शिरवळ हवं, मला सातारा. काय करावं? – एक पालक, फलटण तालुका

उत्तर: नमस्कार. माळ घातलेला माणूस कामगाराला नाडणार नाही, अडीनडीला उभा राहील, असं आपण धरूनच चालतो. पण मालकही काही धरून चालतो. ‘आपलंच पोरगं’ म्हणून रविवारी बोलावणं, पगार लांबवणं, ओव्हरटाइम सेवेत जमा करणं. ज्याला रोज ‘माउली’ म्हणून वाकायचं, त्याच्याकडे थकलेला पगार मागायला पोरगं लाजतं. सगळे असे नसतात. पण भला मालक कागद द्यायला का कचरेल? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेनुसार नेमणूकपत्र द्यावंच लागतं.

आता वारी. खासगी कंपनीनं धार्मिक कारणासाठी रजा द्यावीच, असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. (अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली अशी सोय मालकाला शक्यतो करावी लागते.) भरपगारी रजा मात्र हक्काची: वर्षात १८० दिवस काम भरलं की वीस दिवसांमागे एक. २४० दिवस भरले तर बारा. आळंदीपासून चालायला त्या पुरणार नाहीत. लोणंदपासून कशाबशा, फलटणपासून आरामात. एकादशी कधी ते पंचांगात आधीच छापलेलं असतं, तेव्हा रुजू होतानाच साहेबांच्या कानावर घालायचं. ‘आमची वारी चुकत नाही’ असं बजावू नये. त्या दिवसांत मशीनवर कोण उभं राहील, ते सांगावं. ईदला सुटी हवी असलेल्या सहकाऱ्याची पाळी आपण करायची, वारीत आपली त्यानं; सुपरवायझरला असा तोडगा लगेच पटतो.

माझं मत शिरवळ. पहिल्या वर्षी रजा साठलेली नसेल, तेव्हा घरातून वारीला तुम्ही जा. साताऱ्याच्या मालकांना एकदा स्पष्ट विचारून बघा. शिरवळला होकार कळवायच्या आत त्यांनी पगाराच्या आकड्यासह पत्र हातात दिलं, तर पुन्हा लिहा; दोन्ही कागद शेजारी ठेवून बघू.