पंधरा जीबी भरले, तर आधी काय काढावे?

प्रश्न : आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे आणि मी नाशिकला पंचवटीत राहतो. सातबारा उतारे, फवारणीच्या नोंदी, पॅकहाऊसची बिले, प्रयोगशाळेचे रेसिड्यू (द्राक्षांत उरलेल्या औषधांच्या अंशांचे) अहवाल असे बागेचे सगळे कागद मी गूगल ड्राइव्हवर ठेवतो. जागा भरत आल्याचा इशारा आल्यावर गेल्या आठवड्यात मी जुनी बिले आणि उतारे काढून टाकले. तरीही आकडा जागचा हलला नाही. निर्यातीच्या हंगामात ई-मेल बंद पडला तर मोठीच अडचण होईल. काय करावे?
(एक द्राक्ष बागायतदार, नाशिक)

उत्तर : सर्वप्रथम, काढून टाकलेले कागद परत आणावेत. ड्राइव्हमधून काढलेली फाइल ३० दिवस ट्रॅशमध्ये राहते आणि तेथून ती मूळ जागी परत नेता येते. आपला आकडा हलला नाही याचे एक कारणही तेच आहे, कारण ट्रॅशमधील फायली एकूण जागेत मोजल्या जातात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे : एखादा उतारा जेमतेम दोनशे केबीचा असतो, तर फोनवर काढलेला एका मिनिटाचा व्हिडिओ सहज शंभर एमबीपर्यंत जातो. म्हणजे असा एक व्हिडिओ काढल्याने जेवढी जागा मिळते, तेवढ्यासाठी सुमारे पाचशे उतारे काढावे लागतील. ज्या कागदांवर निर्यात अवलंबून आहे, त्यांना हात लावण्याचे म्हणूनच काहीही कारण नाही.

गूगलच्या मोफत खात्यातील १५ जीबी जागा ड्राइव्ह, जीमेल आणि फोटोज या तिघांत मिळून असते. ती पूर्ण भरली की ड्राइव्हवर नवी फाइल चढत नाही आणि आपल्याला आलेले ई-मेलही पाठवणाऱ्याकडे परत जाऊ शकतात, त्यामुळे आपली काळजी रास्त आहे. कोणत्या भागाने किती जागा घेतली आहे हे खात्याच्या स्टोरेज पानावर दिसते. ते पाहिल्याशिवाय काहीही काढू नये.

बागायतदारांच्या खात्यात भार बहुधा व्हिडिओंचा असतो. डावणी किंवा भुरी या द्राक्षावरील रोगांची शंका आली की पानांचा व्हिडिओ काढून सल्लागाराला व्हॉट्सॲपवर पाठवला जातो. तोच व्हिडिओ गूगल फोटोजमध्ये आपोआप चढतो आणि अँड्रॉइड फोन असेल तर व्हॉट्सॲपच्या बॅकअपमध्येही जातो. हा बॅकअप पूर्वी १५ जीबीत मोजला जात नसे. आता मोजला जातो. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये चॅट बॅकअप उघडून व्हिडिओ समाविष्ट करण्याचा पर्याय बंद केला, तर पुढच्या बॅकअपमध्ये ते जाणार नाहीत. मात्र फोन हरवल्यास ते व्हॉट्सॲपमधून परत मिळणार नाहीत, म्हणून कामाचे व्हिडिओ आधी संगणकावर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावेत.

गूगल फोटोजच्या बाबतीत विशेष सावध राहावे, असे मी आग्रहाने सांगतो. बॅकअप चालू असलेल्या फोनवर या ॲपमधून छायाचित्र काढून टाकले, तर ते खात्यातून जाते आणि फोनमधूनही जाते. याउलट, त्याच ॲपमधील फोनची जागा मोकळी करण्याचा पर्याय फक्त फोनमधील प्रती काढतो. खात्यातील जागा त्याने तसूभरही मोकळी होत नाही. अनेक जण या दोन्हींत गल्लत करतात. १ जून २०२१ पूर्वी ‘हाय क्वालिटी’ प्रकारात चढवलेली छायाचित्रे जागेत धरली जात नाहीत, त्यामुळे त्या काळातील अशी छायाचित्रे काढूनही काही साधत नाही. मूळ दर्जात चढवलेल्या छायाचित्रांसाठी, संगणकावर फोटोजच्या सेटिंग्जमध्ये जागा परत मिळवण्याची सोय आहे. तिने छायाचित्रे १६ मेगापिक्सेलपर्यंत आणि व्हिडिओ १०८०पी दर्जापर्यंत उतरतात. हा बदल मागे घेता येत नाही, पण पानावरील ठिपके ओळखण्यास तेवढा दर्जा पुरेसा असतो.

ड्राइव्ह संगणकावर उघडून डावीकडील स्टोरेज या शब्दावर दाबल्यास सर्वांत मोठ्या फायली आधी दिसतात. जीमेलमध्ये शोधचौकटीच्या उजव्या टोकाच्या चिन्हावर दाबले की आकार विचारणारी ओळ येते. तेथे १० एमबीपेक्षा मोठे पत्र मागावे. अशी पत्रे वाचूनच काढावीत, कारण त्यांत एखादा अहवाल जोडलेला असू शकतो. शेवटी ड्राइव्ह, जीमेल आणि फोटोज या तिन्हींचे ट्रॅश वेगवेगळे रिकामे करावेत. फोटोजचे ट्रॅश बॅकअप झालेली छायाचित्रे ६० दिवस धरून ठेवते, त्यामुळे तेथे नुसती वाट पाहणे हंगामात परवडणारे नाही. आकडा बदलायला काही वेळ लागतो. तो लगेच उतरला नाही म्हणून आणखी फायली काढू नयेत.

एवढे करूनही जागा अपुरी पडली, तर बागेच्या कागदांसाठी स्वतंत्र खाते काढावे, असे माझे मत आहे. त्या खात्यावर फोटोजचा बॅकअप आणि व्हॉट्सॲप जोडू नये. मात्र त्यात अधूनमधून प्रवेश करत राहावे, कारण दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल काढून टाकू शकते.

प्रश्न : इंदिरानगरमधील आमच्या सोसायटीची मी सचिव होते. ‘माझ्यासोबत शेअर केलेले’ या भागातील जुनी इतिवृत्ते काढली, तर जागा मिळेल का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. फाइल ज्याच्या मालकीची, जागा त्याच्याच खात्यातून जाते. आपण ती काढली तर फक्त आपल्या यादीतून नाहीशी होईल. मात्र सचिव असताना आपण स्वतः चढवलेल्या फायली दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये असल्या तरी आपल्याच जागेत मोजल्या जातात. त्या काढण्यापूर्वी नव्या सचिवांना त्यांच्या खात्यात प्रत करून घ्यायला सांगावे आणि ती प्रत उघडते याची खात्री करावी, अन्यथा आपल्या फायलींबरोबर सोसायटीचे दप्तरही जाईल.