जॅझ बेस आहे. जोडीला दुसरा बेस गिटार कोणता घ्यावा?

फेंडर जॅझ बेस हाताशी असेल तर दुसरा फेंडरचाच प्रिसिजन बेस घ्या, आणि त्याला फ्लॅटवाउंड (गुळगुळीत, सपाट वेटोळ्यांच्या) तारा चढवा. दोन्ही वाजवतो, त्यावरून सांगतो. जॅझच्या दोन सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपचा, म्हणजे तारांची थरथर टिपणाऱ्या चुंबकांचा, आवाज धारदार, पण एकाचा व्हॉल्यूम कमी केला की विजेची गुणगुण सुरू. प्रिसिजनचा १९५७ पासूनचा दोन तुकड्यांचा पिकअप ती गुणगुण मारतो. सूर जाड, भरीव, ड्रमच्या किकला चिकटून बसणारा. स्केल (तारेची वाजणारी लांबी) दोन्हींची ३४ इंच, म्हणून बोटांना नव्याने शिकवावं लागत नाही. प्रिसिजनची मान मात्र नटपाशी, म्हणजे डोक्याकडच्या टोकाला, सहसा जरा रुंद लागते. दुसऱ्या रंगाचा जॅझ घ्यायचा मोह टाळा (होतो, माहीत आहे!). अपवाद एकच: ऑर्केस्ट्रात गायकांसाठी सारखी पट्टी उतरवावी लागत असेल, तर आधी पाच तारांचा बेस, नेहमीच्या सर्वांत खालच्या ई सुराच्याही खाली बी-पर्यंत जाता येतं.