नोटपॅडमध्ये मराठी बिघडते तेव्हा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पीक नुकसानीची सहाशे शेतकऱ्यांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) आली. नोटपॅडमध्ये नावं नीट दिसत होती. एक्सेलमध्ये उघडली तर नावांच्या जागी डोक्यावर रेघ असलेला इंग्रजी ए, येनचं चिन्ह, असलं काहीतरी. तशीच 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह केली, तर आता नोटपॅडमध्येही तेच दिसतं. दुसऱ्या एका यादीत नुसती प्रश्नचिन्हं आहेत. नावं परत मिळतील का?
— संगणक परिचालक, आर्णी तालुका, यवतमाळ

उत्तर : पहिल्या यादीतली बहुतेक मिळतील. दुसरीतली त्या फाइलमधून मिळणार नाहीत. पण आधी दोन्ही फाइलींची प्रत काढून पेनड्राइव्हवर ठेवा आणि मूळ फाइलवर पुन्हा सेव्ह दाबू नका. अशी प्रकरणं बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या सेव्हला हाताबाहेर जातात.

बिघाड नुसत्या दिसण्यावरून ओळखता येतो. चौकोनी डब्बे दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे, फक्त फॉन्ट नाही. रेघेचा ए आणि चलनाची चिन्हं दिसत असतील तर मजकूर आहे, पण वाचणारा प्रोग्राम चुकीच्या सांकेतिक पद्धतीने (अक्षरं आकड्यांत साठवण्याच्या रीतीने) वाचतो आहे. प्रश्नचिन्हं दिसत असतील तर अक्षरं पुसून त्या जागी खरोखरच प्रश्नचिन्हं लिहिली गेली आहेत.

खात्रीसाठी फाइलीचा आकार बघा. यूटीएफ-८ या सगळ्या लिप्यांच्या (युनिकोड) सांकेतिक पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो, आणि काना, मात्रा, वेलांटी हेही स्वतंत्र घटक धरले जातात. 'रामदास' म्हणजे र, काना, म, द, काना, स असे सहा घटक, १८ बाइट. प्रश्नचिन्हांच्या फाइलीत याच नावाला ६ बाइट लागतात. एक्सेलने चुकीचं वाचलेलंच पुन्हा यूटीएफ-८ मध्ये लिहिलं, म्हणजे तुमची पहिली यादी दोनदा सांकेतिक झाली आहे, त्यामुळे तिच्यात हेच नाव ३६ बाइटांचं असेल. फाइलवर उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडा. मूळ यादी ईमेलमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर असेल तर तिच्याशी आकार ताडून पाहा, लगेच कळेल. (ती सापडली तर दुरुस्तीच्या फंदात पडूच नका, तिच्यावरूनच काम करा.)

रेघेचा ए येतो कुठून? देवनागरीच्या तीन बाइटांतला पहिला नेहमी एकच असतो. जुन्या इंग्रजी पद्धतीत, जिला विंडोज 'एएनएसआय' म्हणते, त्या बाइटाचा अर्थ रेघेचा ए असा होतो. दुसऱ्या बाइटाला दोनच किमती असतात. एक चलनाचं सर्वसाधारण चिन्ह म्हणून दिसते, दुसरी येनचं. म्हणून सगळी यादी सारखीच वाटते.

दुरुस्ती नोटपॅड प्लस प्लस या वेगळ्या मोफत प्रोग्राममध्ये करा, तीही प्रतीवर. फाइल उघडा. 'एन्कोडिंग' मेनूत 'कन्व्हर्ट टू एएनएसआय' निवडा आणि सेव्ह करा. मग त्याच मेनूच्या वरच्या भागातलं साधं 'यूटीएफ-८' निवडा. नावं परत दिसतील. त्या मेनूत दोन गट आहेत. वरचा गट फाइल कशी वाचायची ते सांगतो, तिच्यातले बाइट बदलत नाही. खालचा 'कन्व्हर्ट टू' गट बाइट बदलतो. नुसतं दिसणं चुकलं असताना खालचं दाबलं तर चांगली फाइल बिघडते. झाल्यावर ए, ऐ, झ आणि जोडाक्षरं असलेली नावं डोळ्यांनी तपासा, गडबड राहिली तर तिथेच राहते.

प्रश्नचिन्हांची यादी बहुधा एक्सेलमधून साध्या 'सीएसव्ही (कॉमा डिलिमिटेड)' प्रकारात सेव्ह झाली असावी. तो प्रकार एएनएसआयमध्ये लिहितो आणि त्यात देवनागरीला जागाच नाही. विंडोज ७ च्या नोटपॅडमध्येही हेच घडतं. ते मुळात एएनएसआयमध्ये सेव्ह करतं, 'युनिकोड अक्षरं जातील' असा इशारा देतं, आणि घाईत आपण ओके दाबतो. विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, नोटपॅड मुळातच यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतं. आता उपाय जुनी प्रत शोधण्याचा. 'प्रॉपर्टीज'मधला 'प्रीव्हिअस व्हर्जन्स' टॅब एकदा बघा. तिथे काही नसेल तर यादी पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवा.

पुढच्या वेळी सीएसव्हीवर डबल क्लिक करू नका. कोरं एक्सेल उघडून 'डेटा' टॅबमध्ये 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, 'फाइल ओरिजिन'मध्ये '६५००१ : युनिकोड (यूटीएफ-८)' निवडा आणि 'ट्रान्सफॉर्म डेटा' दाबा. तिथे सर्व्हे नंबर, खाते क्रमांक, मोबाइल आणि आधार हे रकाने 'टेक्स्ट' प्रकारचे करा. विचारलं तर 'रिप्लेस करंट' म्हणा. 'ॲड न्यू स्टेप' म्हटलं तर आकड्याच्या सुरुवातीचं शून्य आधीच गेलेलं असतं. मग 'क्लोज अँड लोड'.

हे टाळलं तर नावांपेक्षा जास्त नुकसान आकड्यांचं होतं. सर्व्हे नंबर १२/३ ची तारीख होते. सोळा आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल पंधराच आकडे अचूक धरतं. बिघडलेलं नाव निदान डोळ्यांना दिसतं. बदललेला खाते क्रमांक दिसत नाही, आणि शेतकऱ्याची मदत अडकते. काम झाल्यावर 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह करा आणि फाइल नोटपॅडमध्येच उघडून तपासा. एक्सेलमध्ये डबल क्लिक करून तपासली तर तारखांचा घोळ पुन्हा होतो.

एक जपण्यासारखी गोष्ट. एक्सेलच्या 'सीएसव्ही यूटीएफ-८'च्या आणि विंडोज ७ च्या नोटपॅडमधल्या 'यूटीएफ-८'च्या फाइलीत सुरुवातीला तीन अदृश्य बाइटांची खूण लागते. ही खूण असली की एक्सेल डबल क्लिकलाही मराठी नीट दाखवतं. पण काही पोर्टल ती खूण पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटलेली समजतात आणि 'रकाना सापडला नाही' असं सांगून यादी परत करतात. तसं झालं तर विंडोज १० च्या नोटपॅडमध्ये 'सेव्ह ॲज' करून खाली 'एन्कोडिंग'मध्ये 'विथ बीओएम' (म्हणजे ही खूण) नसलेलं साधं 'यूटीएफ-८' निवडा.

प्रश्न : यादीत 'वऱ्हाडे' हे आडनाव डोळ्यांना दिसतं, पण कंट्रोल-एफने शोधलं तर काही सापडतं, काही नाही. 'शेतकऱ्यांना' या शब्दाचंही तसंच.
— झेरॉक्स व टायपिंग सेंटर, दर्यापूर, अमरावती

उत्तर : तुमच्या यादीत हा अर्धा र दोन प्रकारे टाइप झालेला आहे. एक प्रकार ऱ, हलन्त आणि पुढचं अक्षर असा आहे. त्यातला ऱ नुक्त्याचा (खाली टिंब असलेला), स्वतंत्र अक्षर. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि पुढचं अक्षर. दिसायला दोन्ही एकच, आत मात्र वेगळे, म्हणून एकाचा शोध घेतला की दुसरा सापडत नाही. यादी दोन-तीन जणांनी वेगवेगळ्या कीबोर्डवर भरली की हे हमखास होतं.

नोटपॅड प्लस प्लसमध्ये एक प्रकार दुसऱ्यात बदलून टाका. नुक्त्याच्या ऱ ने टाइप करून शोधल्यावर न सापडणारा एखादा 'वऱ्हाडे' तात्पुरत्या कोऱ्या फाइलीत चिकटवा. त्याच्या सुरुवातीचा व, शेवटचा डे आणि त्याआधीचा काना खोडा. उरलेला तुकडा कॉपी करून कंट्रोल-एचच्या वरच्या चौकटीत टाका. खालच्या चौकटीत नुक्त्याच्या ऱ ने टाइप केलेलं ऱ्ह लिहा. 'रिप्लेस ऑल' दाबण्याआधी 'फाइंड' टॅबवर 'काउंट' करून आकडा पटतो का पाहा. मग ऱ्य साठी हेच पुन्हा करा. साधा रफाराचा र्य चुकूनही बदलू नका. तसं केलं तर 'सूर्यभान'चं नावच बदलेल.

इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ शिफ्ट-जे वर आहे, हलन्त डी वर, य तिरप्या रेघेच्या कळीवर. सेंटरवरच्या सगळ्यांनी हाच एक प्रकार वापरायचा असं ठरवून घ्या.

प्रश्न : टाइप करताना लाईन गेली. परत आल्यावर फाइल उघडली तर आकार ४० केबी, पण आत सगळं कोरं.
— ग्रंथालय कर्मचारी, सिंदेवाही तालुका, चंद्रपूर

उत्तर : सेव्ह दाबल्यावर मजकूर लगेच डिस्कवर उतरतोच असं नाही, काही काळ तो मेमरीत थांबतो. विंडोज फाइलीचं नाव आणि आकार यांची नोंद जपतं, आतला मजकूर तसा जपत नाही. नेमकी त्या वेळात लाईन गेली तर आकार राहतो आणि आत शून्य बाइट भरलेले असतात. ते कोरे दिसतात. त्या फाइलीत आता काही नाही, आणि विंडोज १० चं नोटपॅड वेगळी प्रतही ठेवत नाही.

जिथे दिवसातून दोनदा लाईन जाते तिथे साधं नोटपॅड लांब कामाला वापरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. नोटपॅड प्लस प्लसमध्ये 'सेटिंग्ज', 'प्रेफरन्सेस', 'बॅकअप' इथे 'सेशन स्नॅपशॉट' चालू आहे ना ते पाहा. मुळातच दर ७ सेकंदांनी ते न सेव्ह केलेल्या मजकुराचीही प्रत ठेवतं. तिथेच 'बॅकअप ऑन सेव्ह'मध्ये 'व्हर्बोज' निवडलं की प्रत्येक सेव्हला आधीची प्रत तारीख-वेळेसह वेगळी राहते. लाईन गेल्यावर दहा मिनिटं चालणारा लहान यूपीएस मिळाला तर उत्तमच. ती दहा मिनिटं संगणक नीट बंद करायला वापरा, पुढे टाइप करायला नाही.

प्रश्न : जुन्या ठरावांची वर्ड फाइल आहे. नोटपॅडमध्ये चिकटवली की इंग्रजी अक्षरांची खिचडी होते.
— ग्रामपंचायत, मोर्शी तालुका, अमरावती

उत्तर : ती फाइल कृतिदेव फॉन्टमधली असावी. त्यात 'राम' हा शब्द आत जे, के, ई अशा इंग्रजी अक्षरांनीच साठवलेला असतो, फॉन्ट फक्त देवनागरी चित्र काढतो. नोटपॅडची फाइल फॉन्ट जपत नाही, म्हणून आतलं उघडं पडतं. नोटपॅडचा फॉन्ट कृतिदेव केला तर तुमच्या पडद्यावर वाचता येईल, पण पोर्टलवर टाकल्यावर पुन्हा खिचडीच.

मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा. आधी त्यातले खरे इंग्रजी शब्द वेगळे काढून ठेवा, नाहीतर त्यांचंही देवनागरी होतं. बदलल्यावर तीन जागा तपासा : पहिली वेलांटी, रफार आणि ऱ्य-ऱ्ह. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलट लागतो, आणि कन्व्हर्टर बहुधा जोडाक्षरापाशीच चुकतात. ठरावातली नावं आणि रकमा मूळ कागदाशी एकेक करून ताडा, आणि मूळ वर्ड फाइल खोडू नका.