अलिबागला एक दिवस आहे, मुलीला खगोलाची आवड आहे, काय दाखवता येईल?

तुम्ही विचारलंय की मुलगी सातवीत आहे, नेहरू तारांगण दोनदा बघून झालंय, आता अलिबागला एक दिवस मोकळा आहे तर खगोलाचं काही बघण्यासारखं आहे का आणि जमलं तर विजयदुर्गही होईल का. मी रेवदंड्याचा, गेल्या जानेवारीत भाच्याला घेऊन हाच दिवस केलाय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हॉटेल नंतर बुक करा, आधी कॅलेंडरात तिथी बघा. डिसेंबर ते फेब्रुवारी, अमावस्येनंतरची द्वितीया किंवा तृतीया, आणि रविवार नको. कारण सकाळी अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याला चालत जायचं तर ओहोटी पाहिजे आणि रात्री तारे बघायचे तर चंद्र लवकर मावळायला पाहिजे, ही दोन्ही कामं याच तिथींना जमतात. आमच्याकडे जुनी माणसं भरतीची वेळ तोंडीच काढतात, तिथीला पाऊणने गुणायचं. दोन पाऊण दीड, म्हणजे द्वितीयेला भरती दीडच्या आसपास, त्याच्या सहा तास आधी साडेसातला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो म्हणून हे जमतं. मुलीला स्वतः हिशोब करायला लावा आणि मग भरतीच्या छापील तक्त्याशी ताडून बघायला सांगा, भाच्याचं उत्तर वीस मिनिटांच्या फरकाने आलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता! अमावस्येला सूर्य आणि चंद्र एकाच बाजूने ओढतात त्यामुळे उधाण असतं, आणि त्याचा जोर पुढचे एकदोन दिवस राहतो, म्हणून पाणी खूप लांबपर्यंत मागे जातं. सातला निघा, नऊच्या आत परत या. हे कृपा करून पाळा, पाणी दोन्ही बाजूंनी गुपचूप चढतं आणि कळेपर्यंत गुडघ्याला लागतं.

नाश्ता करून चुंबकीय वेधशाळा. अलिबागला दरवर्षी येणाऱ्या किती लोकांना ही माहीतच नसते, मला याचं खरंच वाईट वाटतं. भारतीय भूचुंबकत्व संस्थेची आहे, संशोधनाची जागा आहे, त्यामुळे आधी लिहून परवानगी मागा, शाळेचं पत्र असेल तर अजून बरं. गोष्ट अशी की मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवत होते, पण शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या करंटमुळे मोजमाप बिघडणार हे उघड होतं, म्हणून १९०४ मध्ये काम इकडे हलवलं. चुंबकाला लोखंड चालत नाही म्हणून इमारत पोरबंदरच्या दगडात बांधलीय, लोखंड न वापरता. यात अंतराळ कुठे आलं असं मुलगी विचारेल. तर १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर एक प्रचंड भडका बघितला, आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईतल्या कुलाब्याच्या नोंदीत चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) खाली गेलं. एरवी दिवसभरातली हालचाल शंभर नॅनोटेस्लाच्या बरीच आत असते, यावरून अंदाज घ्या. सूर्यावरून निघालेले भारित कण पृथ्वीभोवती आले की वर विजेचा एक वर्तुळाकार प्रवाह जोरात वाहायला लागतो आणि तो जमिनीवरचं क्षेत्र कमी करतो. भारताचं आदित्य-एल१ यान आपल्यापासून १५ लाख किलोमीटरवर बसून ज्या सूर्यावर लक्ष ठेवतंय, त्याच सूर्याची नाडी अलिबागची ही वेधशाळा शंभर वर्षांहून जास्त काळ बघतेय. भाचा तिथून हलायला तयार नव्हता.

जेवून मुरुडच्या रस्त्याला लागा, काशीद मागे टाकलं की नांदगाव, चाळीसएक किलोमीटर. इथे यंत्र नाही, म्युझियम नाही, सिद्धिविनायकाचं देऊळ, वाड्या आणि समुद्र, बस. तरी मी मुद्दाम पाठवतोय. पाचशे वर्षांपूर्वी गणेश दैवज्ञ हे ज्योतिर्गणिती या गावात राहून आकाश बघत होते, त्यांचा ग्रहगणिताचा ग्रंथ ग्रहलाघव शके १४४२ चा, म्हणजे इसवी सन १५२०. त्याआधी ग्रहांचं गणित करायचं तर जुन्या युगापासूनचे अवाढव्य दिवस मोजा, मग ज्या म्हणजे आजच्या साइनची कोष्टकं लावा. त्यांनी ११ वर्षांची चक्रं पाडली, एका चक्रात ४०१६ दिवस, म्हणजे दिवसांचा आकडा त्याच्यावर जातच नाही, आणि ज्या तर काढूनच टाकल्या, साध्या गुणाकार-भागाकारावर ग्रह काढून दाखवले. महाराष्ट्रातले पंचांगकर्ते शेकडो वर्षं त्याच्यावरच चालले. सकाळी मुलीने पाऊणकीने भरती काढलेली असेल, तर हे तिला लगेच पोचेल.

मुक्काम नांदगाव किंवा मुरुडलाच करा, रात्री त्या वळणांवर गाडी नको. सूर्य बुडाला की पश्चिमेला कोर दिसेल, आणि कोरीच्या पोटातला उरलेला चंद्रही फिकट दिसेल, तो पृथ्वीवरून परतलेला उजेड. कोर मावळली की किनाऱ्यावर दिव्यांपासून लांब बसा, टॉर्चला लाल जिलेटिन लावा, मोबाइल खिशात. कृत्तिका, रोहिणी, मृग ओळीने मिळतील, आणि नऊनंतर दक्षिणेला खाली एक ठळक तारा दिसेल तो अगस्त्य. लंडनहून तो कधीच दिसत नाही, आपल्याकडे दिसतो.

विजयदुर्ग त्याच दिवशी अजिबात नाही, ते देवगड तालुक्यात, वेगळी ट्रिप करा. आणि तिथे लॉकयर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८६८ च्या ग्रहणात हेलियम शोधला असं सगळे सांगतात, ते तसं नाहीये. १८६८ ला लॉकयर इंग्लंडमध्येच होते, सूर्याच्या प्रकाशातली जी पिवळी रेषा हेलियमची खूण ठरली, ती त्यांनी तिथूनच तपासली. विजयदुर्गला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला, दुर्बिणी आणि मोठा ताफा घेऊन. किल्ल्यावरचे साहेबाचे कट्टे, म्हणजे त्या दुर्बिणींसाठीचे चौथरे, बघाल तेव्हा मुलीला १८९८ सांगा.